दानिशमंदखानाच्या हवेलीतला फ्रेंच डॉक्टर

साल १६६० नंतरचे, ठिकाण दिल्ली. औरंगजेबाच्या दरबारातला एक मातब्बर सरदार दानिशमंदखान आपल्या हवेलीत बसला आहे आणि त्याच्यासमोर एक फ्रेंच डॉक्टर शेळीची छाती उघडतो आहे. शेळी जिवंत आहे, कारण रक्त शरीरात कसे फिरते हे मेलेल्या देहात दाखवता येत नाही. घरातली हिंदू नोकरमंडळी हे पाहून घाबरून पळून गेली आहेत. खान मात्र जागचा हललेला नाही. डॉक्टर फारसीतून समजावतो आहे : रक्त हृदयातून धमन्यांवाटे बाहेर पडते, शिरांवाटे परत येते आणि अखंड असेच फिरत राहते.

या डॉक्टरचे नाव फ्रांस्वा बर्निए. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो बर्नियर म्हणून भेटतो. दारा शुकोहचा शेवट, शाहिस्तेखानावरचा छापा, सुरतेची लूट अशा प्रसंगांच्या तळटिपांत त्याचे नाव हमखास असते. तो प्रवासी होता हे सगळ्यांना ठाऊक असते. तो डॉक्टर होता, आणि जे शरीरशास्त्र पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठातले बडे प्राध्यापक अजून नाकारत होते ते दिल्लीत शिकवत होता, ही गोष्ट मागे राहून गेली.

बर्नियरचा जन्म १६२० मध्ये फ्रान्सच्या आँजू प्रांतात एका शेतकरी घरात झाला. आईवडील लहानपणीच गेले. धर्मोपदेशक असलेल्या काकांनी त्याला वाढवले. तो जन्मला तेव्हा युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटलेले होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या वैरातून सुरू झालेले हे युद्ध लवकरच राजेराजवाड्यांच्या सत्तेचे युद्ध झाले आणि १६४८ मध्ये वेस्टफालियाचा तह होईपर्यंत जर्मनीतले मुलूखच्या मुलूख ओसाड पडले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये बाल राजा चौदावा लुई आणि त्याचा मंत्री माझारँ यांच्याविरुद्ध बंड उसळले. इंग्लंडात १६४९ च्या जानेवारीत पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे हा याच राजाचा वैद्य. यादवीच्या सुरुवातीला त्याच्या घरात घुसलेल्या लोकांनी त्याचे अनेक वर्षांचे टिपणांचे कागद नष्ट केले होते.

अशा काळात तरुण बर्नियर पॅरिसमध्ये प्येर गॅसेंडीचा शिष्य झाला. गॅसेंडी हा एक नवलाईचा माणूस. तो कॅथलिक पाद्री होता आणि त्याच वेळी अणुवादी तत्त्वज्ञ आणि खगोलवेत्ताही होता. १६३१ मध्ये सूर्यबिंबावरून सरकणारा बुध ग्रह त्याने दुर्बिणीच्या साहाय्याने पाहिला होता. गॅलिलिओवर रोममध्ये खटला चालून जेमतेम दोन दशके उलटली होती. त्यामुळे गॅसेंडी जपून लिहीत असे. त्याचा आग्रह एवढाच, की जे पाहता आणि मोजता येते त्याला आधी मान द्यावा.

त्याचा कट्टर विरोधक होता ज्याँ-बातिस्त मोरिन. गणिताचा प्राध्यापक असलेला हा गृहस्थ फलज्योतिषावर गाढ विश्वास ठेवणारा आणि पृथ्वी फिरते हे न मानणारा होता. गॅसेंडी १६५० च्या उन्हाळ्यात मरणार, असे भाकीत त्याने केले. गॅसेंडीची छाती नाजूक होती, त्यामुळे भाकीत खरे ठरण्याची शक्यता तशी बरीच होती. पण तो उन्हाळा गेला, पुढचाही गेला. १६५१ मध्ये बर्नियरने मोरिनची खिल्ली उडवणारी लॅटिन पुस्तिका काढली. तिच्या नावाचा अर्थ साधारण असा : एका हास्यास्पद उंदराचे शवविच्छेदन. मोरिन अर्थातच भडकला आणि वाद पुस्तिकांमधून काही वर्षे धुमसत राहिला.

१६५४ च्या ऑगस्टमध्ये सूर्यग्रहण आले तेव्हा ज्योतिष्यांनी उठवलेल्या वावड्यांनी फ्रान्सभर घबराट पसरली. लोकांनी ग्रहणापासून बचावाची औषधे विकत घेतली, कुणी तळघरात लपून बसले, कुणी चर्चमध्ये गर्दी केली. बर्नियरने हे सारे डोळ्यांनी पाहिले आणि ते तो विसरला नाही.

मधल्या काळात, १६५२ मध्ये त्याने मोंपेलिए विद्यापीठाची वैद्यकीची पदवी घेतली होती. ही पदवी जेमतेम तीन महिन्यांत मिळाली आणि तिला एक अट होती : फ्रान्सच्या हद्दीत वैद्यकी करायची नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर ती फक्त परदेशासाठीची पदवी होती. म्हणजे मुघल दरबारात वावरलेला हा डॉक्टर आपल्या देशात दवाखाना उघडू शकत नव्हता.

त्या वेळच्या वैद्यकात काय चालले होते हे जरा नीट समजून घ्यायला हवे. चौदाशे वर्षे युरोपचे वैद्यक ग्रीक वैद्य गॅलेनच्या शिकवणुकीवर चालले होते. अन्नाचा रस यकृतात जातो, तिथे त्याचे रक्त होते, ते शिरांतून शरीरभर पसरते आणि तिथेच खर्ची पडते, असा समज होता. हार्वेने १६२८ मध्ये साधा हिशेब मांडला. हृदयाच्या एका ठोक्यासरशी किती रक्त बाहेर पडते ते धरून अर्ध्या तासाचा गुणाकार केला, तर शरीरातल्या एकूण रक्तापेक्षा कितीतरी जास्त आकडा येतो. एवढे रक्त यकृत रोज नव्याने बनवणार कुठून? म्हणजे तेच रक्त फिरत असले पाहिजे. १६५१ मध्ये फ्रेंच तरुण ज्याँ पेके याने कुत्र्यांवर प्रयोग करून दुसरा धक्का दिला. आतड्यातून शोषलेला दुधासारखा पांढरा अन्नरस यकृताकडे न जाता छातीतून वर जाणाऱ्या एका नळीने मानेजवळच्या शिरेत पोहोचतो आणि तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला येतो, हे त्याने दाखवले. (स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत हे आजही खरे मानले जाते.) यकृताचे सिंहासनच गेले. डेन्मार्कच्या बार्तोलिनने तर गमतीने यकृताचा मृत्युलेख लिहिला.

पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठातले ज्येष्ठ मात्र हे मानायला तयार नव्हते. गॅलेन चुकला असे म्हणणे त्यांना जवळजवळ धर्मग्रंथ चुकला असे म्हणण्यासारखे वाटे. आणि त्यांचा सगळ्यात आवडता उपाय होता शीर तोडून रक्त काढणे. गॅसेंडी १६५५ मध्ये अंथरुणाला खिळला तेव्हा डॉक्टरांनी त्याचेही रक्त पुन्हा पुन्हा काढले. आधीच क्षीण झालेला तो देह त्याने आणखी खचला. शुश्रूषा करणारा बर्नियर जवळच होता. २४ ऑक्टोबरला गॅसेंडी गेला. पुढच्या वर्षी बर्नियरने फ्रान्स सोडले.

सीरिया, पॅलेस्टाइन करत तो इजिप्तला पोहोचला. तिथे त्याला प्लेग झाला, त्यातूनही तो वाचला. कैरोत वर्षभराहून अधिक काळ काढल्यावर त्याला खरे तर ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला जायचे होते. पण तिथल्या राजांनी जेझुइटांना हाकलून लावल्यापासून कॅथलिक माणसाच्या जिवाची तिथे शाश्वती उरली नव्हती. युरोपातले धर्माचे भांडण आफ्रिकेतही त्याच्या आडवे आले, आणि म्हणून तो मोख्याच्या बंदरातून सुरतेच्या जहाजावर चढला. आपल्या इतिहासाला हा साक्षीदार लाभला तो असा, वाट बदलल्यामुळे.

सुरतेला उतरला तेव्हा इथेही यादवी सुरूच होती, आणि तिचे निमित्त एक दुखणे होते. सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहानची लघवी अडली, बादशहा वाचत नाही अशी अफवा उठली आणि चारही शाहजादे तलवारी उपसून निघाले. १६५९ च्या मार्चमध्ये अजमेरजवळच्या लढाईत हरलेला दारा गुजरातकडे पळत असताना अहमदाबादच्या वाटेवर त्याची आणि बर्नियरची गाठ पडली. दाराच्या एका बेगमेच्या पायाला विसर्प, म्हणजे त्वचेचा लालबुंद सुजवणारा संसर्ग झाला होता आणि ताफ्यात एकही हकीम नव्हता. दाराने बर्नियरला सोबत ओढून नेले. तीन दिवसांनी गाडीने आणि जनावरांनी दगा दिला, म्हणून तो मागे राहिला. दाराचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे.

दिल्लीत त्याला दानिशमंदखानाचा आश्रय मिळाला. हा मूळचा इराणी विद्वान परराष्ट्र व्यवहार पाहत असे आणि ज्ञानाचा अतोनात भुकेला होता. पुढची पाच-सहा वर्षे बर्नियरचे मुख्य काम म्हणजे या सरदाराला हार्वे आणि पेके समजावणे, आणि गॅसेंडी व देकार्त फारसीत उतरवून देणे. देकार्तची पुस्तके १६६३ मध्ये रोमने निषिद्ध यादीत टाकली. त्याच सुमारास यमुनेकाठी एक मुसलमान सरदार ती ऐकत होता.

या दोघांत तिसरा एक माणूस होता. दाराच्या पदरी राहिलेला एक काशीचा पंडित खानाने ठेवून घेतला होता. शरीरशास्त्र आणि पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा कंटाळा आला की खान आणि बर्नियर पंडिताकडे वळत. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्यूरेटर प. कृ. गोडे यांनी जुने पुरावे जुळवून असे मांडले, की हा पंडित म्हणजे कवींद्राचार्य सरस्वती. कवींद्राचार्य हे मूळचे गोदाकाठचे ऋग्वेदी ब्राह्मण. संन्यास घेऊन काशीला गेले, आणि काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर त्यांनी शाहजहानकडून माफ करून घेतला. त्यांचा ग्रंथसंग्रह त्या काळी भारतात नावाजलेला होता. नाशिक, निफाड, विंचूरच्या भागातल्या माणसाला ही गोष्ट ऐकताना मजा वाटेल : गोदावरीच्या पाण्यावर वाढलेला एक विद्वान, आँजूच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि इराणी सरदार दिल्लीत एकत्र बसून परमाणूंविषयी बोलत आहेत.

संवाद मात्र फार खोल गेला नाही. वैशेषिकांचे परमाणू ऐकून बर्नियरला आपल्या गुरूचे ग्रीक अणू आठवले, पण मांडणी विस्कळीत आहे असे म्हणून त्याने विषय आवरला. त्याला संस्कृत येत नव्हते. सगळे दुभाष्यातून, फारसीतून येत होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. शरीराच्या बाबतीतही तसेच. हिंदू वैद्यांना शरीरशास्त्र अजिबात कळत नाही, शरीर कधी उघडून न पाहता ते शिरा बरोबर पाच हजार असल्याचे सांगतात, असा शेरा त्याने मारला. सुश्रुताने प्रेत पाण्यात कुजवून थराथराने तपासायची रीत फार पूर्वी सांगितली होती, हे त्याला कुणी सांगितलेले दिसत नाही. पण सांगितले असते तरी त्याचा शेरा तेव्हाच्या व्यवहाराला लागू पडलाच असता. ग्रंथात असलेली गोष्ट हातातून केव्हाच निसटली होती.

जिथे त्याने ऐकण्यापेक्षा रोग्याच्या खाटेशेजारी उभे राहून पाहिले, तिथे त्याची टिपणे फार मोलाची आहेत. हिंदू वैद्य तापात मुख्य उपाय म्हणून लंघन करायला लावतात, मांसाचा रस्सा तापकऱ्याला विषासमान मानतात आणि रक्त काढतात ते अगदी नड असेल तेव्हाच, जसे डोक्यात ताप चढला किंवा छाती, यकृत, मूत्रपिंड सुजले तर. फ्रान्समध्ये नेमके उलटे चाले : तापकऱ्याला मांसाचा रस्सा पाजायचा आणि वरचेवर रक्त काढायचे. मुसलमान हकीम एकदा-दोनदाच, पण भरपूर रक्त काढत. बर्नियरने निवाडा दिला नाही. इथे या उपचारांनी रोगी बरे होतात एवढे नोंदवून त्याने प्रश्न विद्वान डॉक्टरांवर सोपवला. आपल्या गुरूच्या खाटेजवळ बसलेल्या माणसाला रक्त न काढणारे वैद्य पाहून काय वाटले असेल, ते त्याने लिहिलेले नाही.

रक्त काढण्याने खरेच फायदा होतो का, हे पॅरिसमध्येच प्येर लुई या डॉक्टरने रोगी मोजून तपासले ते १८३० च्या दशकात. न्यूमोनियात त्याचा उपयोग समजला जात होता त्याहून फारच कमी निघाला. आज रक्तातल्या तांबड्या पेशी किंवा लोह प्रमाणाबाहेर वाढण्यासारख्या मोजक्या आजारांतच हा उपाय उरला आहे. लंघनाचेही सरसकट समर्थन आज कुणी करणार नाही. तापात भूक मंदावते, हलके खावे, पण पाणी आणि पातळ पदार्थ पोटात जात राहिले पाहिजेत, विशेषतः मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या. तरीही १६६० च्या दशकात दोन उपचारांपैकी कमी अपाय करणारा कोणता, तर उत्तर उघड आहे.

त्याचे आणखी एक निरीक्षण आहे. संधिवातासारखा पाय धरणारा गाउट, मूतखडे आणि मूत्रपिंडाची दुखणी इथे युरोपच्या मानाने फार कमी दिसतात, आणि ती घेऊन आलेले परदेशी इथे बरे होतात, असे त्याने लिहिले. कारणे दोन दिली : लोकांचे मितपान-मिताहार आणि सतत येणारा घाम. पहिले कारण बरोबर आहे. मांस आणि मद्य यांनी युरिक ॲसिड वाढते आणि गाउट बळावतो. दुसऱ्यात तो चुकला. घामाने पाणी कमी झाले की लघवी दाट होते आणि खडे उलट वाढतात. उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्यांना डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात ते याचसाठी. वाईन दिल्लीत दुर्मीळ, शिराजहून किंवा कॅनरी बेटांतून आलेली आणि महाग. देशी द्राक्षांची वाईन त्याने अहमदाबाद आणि गोवळकोंड्याला युरोपियनांच्या घरी चाखली आणि ती बरी असल्याची पावती दिली. विंचूरच्या वाईन पार्कला ती पावती सुमारे साडेतीनशे वर्षे आधीच मिळाली म्हणायची.

डॉक्टर म्हणून त्याची खरी कसोटी वेगळ्याच प्रसंगी लागली. खानाच्या पदरचा एक हिंदू लेखनिक दोन वर्षांहून अधिक काळ क्षयासारख्या जीर्णज्वराने झिजत होता. उपचार बर्नियरचे होते. तो वारला आणि त्याच्या तरुण पत्नीने सती जायचे ठरवले. नातलग समजावून थकले. खानाने बर्नियरला पाठवले. बर्नियरने धर्माचा वाद घातलाच नाही. मुले लहान आहेत, खानाने त्यांना मासिक नेमणूक बांधून दिली आहे, आई चितेवर गेली तर ती बंद होईल आणि मुले उपाशी मरतील, एवढेच त्याने सुनावले. धमकी कठोर होती. ती बाई वाचली. इतरत्र त्याने सती जाताना पाहिलेल्या काहींच्या बाबतीत त्याला काहीच करता आले नाही, तेही त्याने लिहून ठेवले आहे.

१६६६ मध्ये दिल्लीत सूर्यग्रहण आले. यमुनेकाठच्या घराच्या गच्चीवरून त्याने पाण्यात उभे राहून डुबकी मारणारा, अर्घ्य देणारा हजारोंचा समुदाय पाहिला. वर्णन करताना त्याने आधी मांडले ते १६५४ चे फ्रान्स, तळघरात दडलेल्या आपल्या देशबांधवांसकट. परक्यांच्या भोळेपणावर लिहिताना आपल्या घरचा भोळेपणा आधी सांगणारे युरोपीय प्रवासी थोडेच. दिल्लीच्या बाजारात ज्योतिष्यांच्या रांगेत त्याला गोव्याहून पळून आलेला एक पोर्तुगीजही दिसला. समोर जुने होकायंत्र आणि एक-दोन प्रार्थनापुस्तके. पुस्तकांतली चित्रे युरोपातल्या राशी म्हणून दाखवून तो गिऱ्हाइकांचे भविष्य सांगत असे. मोरिनचा शत्रू असलेल्या बर्नियरला हे पाहून हसू आवरले नसणार.

जानेवारी १६६४ मधली सुरतेची लूट त्याने स्वतः पाहिली नाही, ऐकून लिहिली. तरी शिवाजी महाराजांनी कापुचिन पाद्री ॲम्ब्रोज यांच्या घराला हात लावू दिला नाही, हे त्याने आवर्जून नोंदवले. दानधर्मासाठी ओळखल्या जाणाऱ्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वाचले, अशी नोंद आहे. एकाच ख्रिस्ताच्या नावाने एकमेकांची गावे जाळणारा युरोप पाहिलेल्या माणसाने ही नोंद केली, हे विसरता येत नाही. बर्नियर स्वतः नाशिककडे आला नाही. त्याचा समकालीन फ्रेंच प्रवासी थेव्हनो मात्र सुरतेहून औरंगाबादला जाताना अनकाई-टनकाईजवळून गेला. विंचूरहून येवल्याला गेले की पुढे मनमाडच्या वाटेवर लागतात तेच हे जोडकिल्ले.

१६६९ मध्ये बर्नियर फ्रान्सला परतला. पुढच्या दोन वर्षांत प्रवासवर्णन छापले गेले आणि गाजले. पॅरिसमध्ये गॅलेनवाद्यांची सद्दी अजून संपली नव्हती. १६७१ मध्ये विद्यापीठ नव्या तत्त्वज्ञानावर बंदी आणू पाहत होते, तेव्हा कवी ब्वालोने त्यावर एक विडंबनात्मक हुकूमनामा लिहिला. त्यात बर्नियरचा हात होता. १६७३ मध्ये त्याचा मित्र मोलिएर याने रंगमंचावर असा एक डॉक्टर आणला, ज्याला आपला मुलगा रक्ताभिसरण मानत नाही याचा अभिमान आहे. प्रेक्षक हसले. दानिशमंदखान तोवर वारला होता.

उतारवयात बर्नियरने गॅसेंडीच्या अवजड लॅटिन ग्रंथांचा फ्रेंचमध्ये अनेक खंडी सारांश केला. हे त्याचे मोठे काम. त्याच काळात, १६८४ मध्ये, त्याने एक छोटा लेखही छापला. माणसांची देशांनुसार नव्हे तर शरीराच्या ठेवणीनुसार चार-पाच जातींत विभागणी करावी, असे त्यात म्हटले होते. भारतीयांना त्याने युरोपियनांच्याच गटात बसवले, रंग सावळा तो उन्हाने असे म्हणून. इतरांबद्दल मात्र त्याने जे लिहिले ते आज वाचवत नाही. वंशांच्या वर्गीकरणाचा जो दुष्ट खटाटोप पुढे विज्ञानाच्या नावाने चालला, त्याच्या अगदी सुरुवातीला हा लेख येतो. आपली निरीक्षणे काळजीपूर्वक तपासणारा माणूस इथे घसरला.

२२ सप्टेंबर १६८८ रोजी बर्नियर पॅरिसमध्ये वारला. दिल्लीतल्या त्या धड्यांचे पुढे काही झाले नाही. फारसी भाषांतराने छापखान्याचे तोंड पाहिले नाही, हवेलीबाहेर शिकवायला विद्यालय नव्हते, आणि ऐकणारा सरदार एकच होता. हार्वेचे रक्ताभिसरण पॅरिसमध्ये विरोधाला पुरून उरले, कारण तिथे भांडायला विद्यापीठ होते, पुस्तिका छापायला छापखाने होते आणि हसायला नाटकगृह होते. भारतात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर मानवी शवविच्छेदन झाले ते १८३६ मध्ये, कलकत्त्याला, पंडित मधुसूदन गुप्तांच्या हातून. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर नऊ वर्षांनी सुरू झाले. कवींद्राचार्यांच्या ग्रंथसंग्रहाची यादी १९२१ मध्ये बडोद्याहून छापली गेली. त्यांचे नाव पहिल्या पानावर असलेली हस्तलिखिते आता देशभरच्या वेगवेगळ्या ग्रंथालयांत विखुरलेली आहेत.